कड्यावरची बिऱ्हाडं : वाचकांचे प्रश्न

लांब चोचीच्या गिधाडांच्या विणीवर मागच्या अंकात लिहिलं आणि नेहमीपेक्षा जास्त पत्रं आली. बऱ्याच जणांचा प्रश्न फिरून फिरून एकच होता : एवढ्या मोठ्या कड्यातली नेमकी तीच कपार शिकारी पक्षी का निवडतात? आठ-दहा जणांनी घरट्यांची ठिकाणंही विचारली आहेत. ती मी सांगणार नाही, राग मानू नये. एकदा ठिकाण छापलं की पुढच्या रविवारी तिथे कॅमेरे पोचतात. त्यामुळे खालच्या उत्तरांमध्ये माझ्या वहीतल्या कड्यांची नावं नाहीत, निरीक्षणं मात्र सगळी तिथलीच आहेत.

प्रश्न : आमच्या गावामागे लांबच लांब कातळकडा आहे. दिवाळीनंतर त्यावर पांढरे ओघळ दिसू लागतात, पण दरवर्षी एकाच पट्ट्यात. बाकीचा कडा कोरा असतो. दगड तर सगळा एकच. मग पक्षी तीच जागा का धरून बसतात? (जुन्नर तालुक्यातील वाचक)

दगड एक नाही, इथूनच सुरुवात करते. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे कडा समोर आला की आधी थर दिसतात आणि मग पक्षी.

आपला सह्याद्री साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. हा लाव्हा एकदम आला नाही. एक थर पसरायचा, निवायचा, मध्ये बराच काळ जायचा आणि मग त्यावर दुसरा थर यायचा. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट आणि कठीण. वरच्या भागात मात्र वायूचे बुडबुडे अडकलेले असतात, त्यामुळे तो सच्छिद्र राहतो आणि लवकर झिजतो. दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे भाजलेल्या तांबड्या मातीचा पट्टाही असतो, तो तर हाताने खरवडला तरी निघतो. वारा-पावसाने हा मऊ भाग आत आत खात जातो आणि वरच्या थराचा कठीण तळ तसाच पुढे आलेला राहतो. म्हणजे छप्पर कठीण दगडाचं आणि खाली झिजलेल्या दगडाची भुरभुरीत जमीन. कपार तयार झाली ती अशी. थर आडवे पसरलेले असल्यामुळे कपारीही एका रेषेत लागतात. तुमच्या कड्यावरचे पांढरे ओघळ म्हणजे पक्ष्यांची विष्ठा. ते साधारण एकाच उंचीवरून सुरू होतात का, ते दुर्बिणीतून पाहा. बहुतेक होत असतील.

आता त्या रेषेतल्या सगळ्याच कपारी का भरत नाहीत? पहिली चाळणी पाण्याची. कड्यावर पांढऱ्या ओघळांसारखेच काळे ओघळही असतात. पावसाळ्यात जिथून पाणी उतरतं तिथे शेवाळ धरतं आणि वाळलं की काळं पडतं. अशा पट्ट्यातली कपार नोव्हेंबरातही पाझरत असते. माझ्या वहीत एका कड्याच्या बत्तीस कपारी क्रमांक घालून काढल्या आहेत. त्यातल्या अकरा काळ्या पट्ट्यांत येतात आणि त्या अकरांपैकी एकीतही मी कधी घरटं पाहिलेलं नाही. लांब चोचीचं गिधाड एका विणीत एकच अंडं घालतं. ते ओल्या जागेत ठेवून चालणार नाही.

दुसरी चाळणी उन्हाची, आणि हा माझा सर्वांत आवडता भाग. अंडं घातलं जातं हिवाळ्याच्या सुरुवातीला, आणि पिल्लू उडतं ते एप्रिल-मेमध्ये. एकाच कपारीत बसून थंडीही काढायची असते आणि भर उन्हाळाही. नाशिकच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४६-४७ अंशांवर असतो आणि एप्रिलच्या मध्यावर ८० अंशांच्या आसपास. दक्षिणेकडे तोंड असलेल्या कड्यावर दोन हात पुढे आलेलं खडकाचं छप्पर धरा. डिसेंबरात दुपारी त्याची सावली भिंतीवर जेमतेम दोन हात खाली पडते, त्यामुळे कपारीत ऊन शिरतं. एप्रिलमध्ये तीच सावली अकरा हात खाली जाते. कोवळं पिल्लू सावलीत आणि थंडीतलं अंडं उन्हात. आपल्या जुन्या घरांच्या ओसरीला पुढे उतरता वासा काढतात, त्यातला हिशेब हाच. उत्तरेकडच्या कड्यावर हिवाळाभर ऊन येतच नाही, तिथे छपराचं महत्त्व कमी. पश्चिमेकडच्या कड्यावर सकाळ गार, पण उन्हाळ्यात तीननंतर तिरपं ऊन थेट आत येतं, म्हणून तिथे खोल कपारच लागते. दिशा आणि छप्पर यांचा विचार एकत्र करायला हवा. नुसतं ‘गिधाडांना अमुक दिशा आवडते’ असं म्हणून भागत नाही.

तिसरी चाळणी वाऱ्याची. लांब चोचीचं गिधाड साडेपाच-सहा किलोचं, पंख पसरले की दोन मीटरच्या वर. एवढं वजन नुसतं पंख मारून उचलणं त्याला फार महागात पडतं. ते कड्यावरून स्वतःला सोडून देतं आणि खालून वर येणारा वारा त्याला तोलतो. सकाळी नऊ-साडेनऊला कडा तापायला लागला की एकेक पक्षी कपारीच्या तोंडाशी येतो, पंख अर्धे उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. घाई अजिबात नसते. मग एक जण सुटतो आणि दोन-तीन मिनिटांत बाकीचे त्याच्या मागे.

उतरणं यापेक्षा अवघड. वरून येऊन कपारीवर टेकता येत नाही, वेग फार असतो. म्हणून पक्षी कपारीच्या पातळीच्या खाली बुडी मारतो आणि तिथून वर उसळतो. वर चढताना वेग मरतो, आणि नेमका संपतो तेव्हा पाय दगडाला लागलेले असतात. यासाठी कपारीच्या पुढे आणि खाली मोकळी हवा हवी. माझ्या वहीतल्या सतरा क्रमांकाच्या कपारीत सलग सहा विणी झाल्या. मग तिच्या ओठावर पिंपळाचं रोप धरलं. पहिली दोन वर्षं काही झालं नाही. तिसऱ्या वर्षी रोपाच्या फांद्या तोंडावर आल्या, तेव्हा जोडीने जागा सोडली आणि चार कपारी पलीकडे घर केलं. पिंपळ आता चांगला मोठा झाला आहे, सतरा क्रमांक रिकामाच आहे.

बिबट्या, वानर, घोरपड यांना पोचता येऊ नये हे तर आहेच. पण लोक समजतात तसा सगळा भर उंचीवर नसतो. शंभर फुटांच्या कड्यातली खालून-वरून सरळ तुटलेली कपार चालते, आणि हजार फुटांच्या कड्यातली गवताळ पट्टीने जोडलेली कपार चालत नाही, कारण त्या पट्टीवरून वानरं ये-जा करतात.

आणि शेवटी शेजार. लांब चोचीची गिधाडं वस्ती करून राहतात. सकाळी शेजारी कुठे निघाला हे पाहूनच दुसऱ्याला अन्नाचा माग लागतो. जुन्या विष्ठेचे पांढरे ओघळ मैलभरावरून दिसतात. माझी समजूत अशी आहे की नव्या जोडीला तो पट्टा म्हणजे ‘इथे आधी कुणाचं तरी निभलं आहे’ अशी पाटीच असते. तुमच्या कड्याचा तोच पट्टा दरवर्षी भरतो त्यात दगडाचा वाटा आहे तसा या सवयीचाही आहे.

प्रश्न : मोरघारीच्या एका जोडीची आमच्या भागात एकाच घळीत तीन घरटी आहेत. पिल्लं मात्र दरवर्षी एकातच दिसतात, तेही कधी या तर कधी त्या. असं का? (वाई)

मोरघार काटक्यांचं मोठं घरटं करते आणि आपल्या हद्दीत अशी दोन-तीन तरी राखून ठेवते. वापरलेल्या घरट्यात पिसवा-गोचिडांसारखे जीव साठतात, ते वर्षभर रिकामं पडलं की कमी होतात. एखाद्या वर्षी जवळ वर्दळ झाली तर दुसरं तयार असतं. तीनही घरट्यांची डागडुजी होते का ते डिसेंबरात बघा. ताजी हिरवी पानं ज्यात आणून टाकली, ते यंदाचं.

प्रश्न : बाई, मी तुमचा २००४ च्या दहावीचा विद्यार्थी. आता आमचा गिर्यारोहणाचा गट आहे. येत्या जानेवारीत एका कड्यावर नवी वाट काढायचं ठरतंय, दोर अडकवायला कातळात बोल्ट मारावे लागतील. खालून तर घरटं काही दिसत नाही. तिथे पक्षी आहेत की नाहीत हे कसं ओळखायचं? (पुणे)

विचारलंस याचा मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. आधी तुला माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगते, कारण तू त्या वर्गात नव्हतास.

नोकरीतली पहिली दहाएक वर्षं झाली होती. डिसेंबरात वीस मुलांना घेऊन मी एका कड्याच्या माथ्यावर गेले. मुलांना गिधाडाचं घरटं वरून दाखवावं एवढाच हेतू. आम्ही पोटावर झोपून कडेपाशी सरकलो. पंचवीस फूट खाली गिधाड अंड्यावर बसलेलं होतं. कुणाच्या तरी कोपराने एक खडा सुटला. गिधाड उठलं, मान लांब केली, वर पाहिलं आणि सुटलं. अंडं उघडं पडलं. पांढरं, हातात भरेल एवढं. आम्ही लगेच मागे सरकलो, पण माथ्यावरून उतरायची वाट त्या कपारीच्या वरूनच होती, त्यामुळे पुढची वीस मिनिटं आमची डोकी त्याला दिसतच राहिली. खाली पोचून दुर्बीण लावली तेव्हा कपारीत डोमकावळा होता. गिधाड परत आलं, कपारीत उभं राहिलं, वाकून खाली पाहिलं आणि बराच वेळ तसंच उभं राहिलं. त्या वर्षी त्या जोडीची वीण तिथेच संपली. मुलांना मी तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेली. मला ते अजून लागतं.

तेव्हापासून माथ्यावरून पाहायचं नाही, हा माझा नियम. शिकारी पक्ष्याला खालून आलेला माणूस जितका खटकतो, त्यापेक्षा वरून आलेला कितीतरी जास्त. तुम्ही दोर सोडून उतरता ते नेमकं वरूनच.

आता ओळखायचं कसं. कड्यासमोरच्या टेपाडावर, निदान अर्धा किलोमीटर लांब, सकाळी सात ते अकरा बसा. एक दिवस पुरत नाही, दोन-तीन सकाळी द्या. पांढरे ओघळ ताजे असतील तर चुन्यासारखे चमकतात, जुने करडे पडतात. एकच पक्षी पुन्हा पुन्हा त्याच फटीत जातो का, चोचीत काटकी किंवा पाला आहे का, ते पाहा. अंडी उबवणाऱ्या जोडीत पाळी बदलते तेव्हाच बऱ्याचदा घरटं कळतं : एक आत जातो आणि मिनिटभरात दुसराच बाहेर पडतो.

जवळ गेल्यावर प्रत्येकाची वागणूक वेगळी. शाहीन ससाणा गप्प बसत नाही. ‘कॅक् कॅक् कॅक्’ करून डोक्यावर घिरट्या घालतो, अंगावर येतो. तो आवाज आला की तिथून फिरा. गिधाड उभं राहतं आणि मान ताणतं, हा त्याचा इशारा. सर्वांत फसवी मोरघार. आवाज न करता घरट्यातून निसटते, लांब जाऊन बसते आणि तुम्हाला वाटतं इथे काहीच नाही. तुमचे बोल्ट मारून होईपर्यंत अंडी गार झालेली असतात.

महिन्यांचं म्हणशील तर नोव्हेंबर ते मे अखेर अशा कड्याला हात लावू नका. मला माहीत आहे, तुमचा चढाईचा हंगामही हाच. पण आख्खा कडा सोडा असं मी म्हणत नाही. घरट्याची बाजू सोडा, कोपरा वळून पलीकडची भिंत घ्या, जिथून घरटं दिसत नाही आणि घरट्याला तुम्ही दिसत नाही. अमेरिकेत योसेमिटीच्या कड्यांवर बहिरी ससाण्याच्या विणीपुरत्या त्या त्या भिंतीवरच्या वाटा बंद ठेवतात आणि पिल्लं उडाली की उघडतात. जगातले नावाजलेले कडे आहेत ते, आणि तिथले लोक थांबतात. आपल्याकडे गिधाडं आणि बहिरी ससाणा (आपला शाहीन त्याच जातीचा) हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे घरट्याला धक्का लागला तर तो गुन्हाही आहे. ड्रोन उडवून ‘फक्त पाहून घेऊ’ असं कुणी म्हणालं तर त्याला थांबव. शाहीन त्यावर झडप घालतो आणि पात्यात सापडतो.

डिसेंबरात दोन सकाळी मी तुझ्याबरोबर समोरच्या टेपाडावर बसायला तयार आहे. मग ठरवू.

प्रश्न : ससाणा घरटं बांधत नाही असं आमच्या सरांनी सांगितलं. मग अंडी कड्यावरून घरंगळत कशी नाहीत? (इयत्ता सातवी, सातारा)

सरांनी बरोबर सांगितलं. शाहीन ससाणा काटक्या गोळा करत नाही. त्याला अशी कपार लागते जिथे थोडी माती किंवा बारीक खडी साठली आहे. तिच्यावर तो छाती टेकतो, पायांनी मागे माती उडवतो आणि गोल फिरतो. बशीएवढा खळगा होतो, त्यात मादी तीन-चार अंडी घालते. कधी दुसऱ्या पक्ष्याचं जुनं घरटंही वापरतो.

घरी करून बघ. ताटात मूठभर वाळू पसर, मधे वाटीच्या बुडाने खळगा कर आणि त्यात लिंबू ठेव. दुसरं लिंबू नुसत्या ताटात ठेव. आता ताट हळूहळू तिरकं कर. कुठलं लिंबू आधी सुटतं ते बघ, म्हणजे ससाण्याला माती नसलेली गुळगुळीत कपार का चालत नाही ते कळेल. ताट किती तिरकं केल्यावर खळग्यातलं लिंबू सुटलं ते मोजून मला कळव.

प्रश्न : इथे न्यू जर्सीत आमच्या घराजवळच्या पुलावर बहिरी ससाण्याची जोडी दरवर्षी पिल्लं काढते. हा कड्यावरचा पक्षी ना? मग पुलावर कसा? (न्यू जर्सी, अमेरिका)

तुमचा बहिरी आणि आमचा शाहीन एकाच जातीचे. शाहीन हा तिचा आपल्या उपखंडातला गडद, तांबूस पोटाचा भाऊबंद. आणि ससाण्याच्या दृष्टीने पूल हा कडाच आहे : सरळ उभी बाजू, आडवा कंगोरा, पुढे मोकळी हवा, खाली पारव्यांचे थवे.

पण तुमच्या पुलावरच्या जोडीमागे एक दुखरी गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीचा वापर वाढला. ते कीटकांतून लहान पक्ष्यांत आणि त्यांच्यातून ससाण्यात साठत गेलं. अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की उबवताना आईच्या वजनाने फुटू लागली. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये जुन्या संग्रहातल्या कवचांशी तुलना करून हे दाखवलं. तोवर अमेरिकेच्या पूर्व भागातले कडे ससाण्यांविना ओस पडले होते. १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली. कॉर्नेल विद्यापीठात टॉम केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंजऱ्यात पिल्लं वाढवून ती सोडायला सुरुवात केली. काही कड्यांवर सोडली, काही मनोऱ्यांवर आणि इमारतींवर. १९९९ मध्ये बहिरी ससाणा तिथल्या धोक्यातल्या जातींच्या यादीतून बाहेर पडला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. पिल्लू ज्या तऱ्हेच्या जागी वाढतं तशीच जागा ते मोठेपणी शोधतं. इमारतीवर वाढलेल्यांना इमारत आणि पूल म्हणजेच कडा. जागा निवडताना पक्षी दगड, ऊन आणि वारा पाहतो, तसंच आपलं माहेरही.

या माहेरपणाचा पल्ला किती लांब असू शकतो ते सांगते. ग्रीनलंडमध्ये ससाण्याचाच एक मोठा, पांढुरका भाऊ राहतो, जिरफाल्कन. पश्चिम ग्रीनलंडमधल्या त्याच्या कपारींत साठलेल्या विष्ठेचं कार्बन पद्धतीने वय काढलं, त्याचा निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत जुनी कपार सुमारे अडीच हजार वर्षं वापरात होती. अडीच हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे लेणी कोरायलाही सुरुवात झाली नव्हती.

प्रश्न : मी सत्तरी ओलांडलेला शेतकरी. आमच्या लहानपणी गावात जनावर मेलं की माळावर ओढून टाकायचे. तासाभरात कड्यावरून गिधाडं उतरायची, दुपारपर्यंत हाडं उरायची. आता वर्षानुवर्षं एक दिसत नाही. कडा तोच आहे, कुणी फोडला नाही, खाण नाही. मग गेली कुठे? आणि पुन्हा येतील का? (त्र्यंबकेश्वर तालुका)

काका, तुमचं पत्र मी बाजूला काढून ठेवलं होतं. तुम्ही म्हणता ते अगदी खरं, कडा तोच आहे. घर शाबूत आणि घरातली माणसं गेली, असं झालं.

गिधाडं कुठे उडून गेली नाहीत, ती मेली. डायक्लोफिनॅक नावाचं दुखण्यावरचं औषध नव्वदच्या दशकात गाई-बैलांना सर्रास दिलं जाऊ लागलं. स्वस्त होतं, लंगडं जनावर दुसऱ्या दिवशी चालायचं. औषध दिल्यावर एक-दोन दिवसांत जनावर मेलं तर ते मांसात राहतं. ते मांस खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात आणि रक्तातलं युरिक आम्ल आतल्या अवयवांवर पांढऱ्या भुकटीसारखं जमतं. काही दिवसांत पक्षी मान टाकून बसतो आणि पडतो. पाकिस्तानात केलेल्या अभ्यासातून २००४ मध्ये हे जगासमोर आलं. एका मेलेल्या जनावरावर पन्नास-साठ गिधाडं उतरतात, म्हणून हजारात काही मोजक्या जनावरांत औषध असलं तरी वस्त्याच्या वस्त्या संपायला तेवढं पुरलं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशातली लांब चोचीची गिधाडं ९७ टक्क्यांच्या आसपास घटली. झाडावर घरटं करणाऱ्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची गत याहूनही वाईट : हजारात एखादं उरलं.

जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या ३ मिलिलिटरच्या आत आणल्या. किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक हीसुद्धा तशीच घातक ठरली, त्यांच्यावर २०२३ मध्ये जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही आणि जनावराला गुण येतो. तुमच्या गोठ्यात डॉक्टर आले की एवढंच विचारा : ‘इंजेक्शन कशाचं?’ बाटलीवरचं नाव नातवाकडून वाचून घ्या.

पुन्हा येतील का, तर हो, पण फार सावकाश. वर्षाला एक अंडं, तेही प्रत्येक वेळी तगेल असं नाही, आणि पिल्लू वीण करण्याजोगं व्हायला चार-पाच वर्षं. तुमच्याच तालुक्यात अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं टिकून आहेत, आणि २०१७ पासून ते राखीव संवर्धन क्षेत्र आहे. जवळ वस्ती टिकली असेल तर तिथली तरुण जोडी नव्या कपारी शोधते, आणि शोधताना आधी जुन्या पांढऱ्या खुणा असलेले कडे धुंडाळते असा माझा अनुभव आहे. तुमच्या कड्यावरच्या करड्या पडलेल्या ओघळांकडे म्हणून लक्ष ठेवा.

तुमच्या गावापासून फार लांब नसलेल्या एका कड्याची वही माझ्याकडे आहे. तिच्यात सलग नऊ वर्षं मी प्रत्येक कपारीपुढे शून्य लिहीत होते. गेल्या जानेवारीत चौथ्या क्रमांकाच्या कपारीत एक पक्षी बसलेला दिसला. त्याच्या खाली दगडावर पांढरा ठिपका होता, बोटाएवढा. मार्चमध्ये पुन्हा गेले, तेव्हा ओघळ हातभर झाला होता आणि कपारीच्या तोंडाशी करड्या पिसांचं डोकं हललं. यंदा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता मी समोरच्या टेपाडावर असेन. तुम्हाला चढवत असेल तर संपादकांकडे तुमचा फोन नंबर कळवा, दुर्बीण मी आणते.